बढाईची शिकवणी

पुरस्काराची बातमी आली तेव्हा चष्मेवाले एका गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी वाकवत होते. गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या गल्लीतले, पोस्टातून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचा एक कान दुसऱ्यापेक्षा जरा वर होता, त्यामुळे कुठलाही चष्मा त्यांच्या तोंडावर फार दिवस सरळ बसत नसे. ते अधूनमधून तक्रार घेऊन येत, चष्मेवाले काडी गरम करून वाकवून देत, आणि त्या निमित्ताने दोघांच्या गप्पा होत. खरं तर गप्पा पोस्टमास्तर करत. चष्मेवाले मितभाषी होते.

मागच्या दाराने धाकटी आत आली. धाकटी म्हणजे चष्मेवाल्यांची बायको. वयाने ती आता काही धाकटी राहिली नव्हती, पण दोघी बहिणी, त्यामुळे थोरली ती थोरली आणि धाकटी ती धाकटी.

"भावजींना बक्षीस मिळालं," ती म्हणाली. "परदेशातलं. ताईने निरोप पाठवलाय."

"लॉटरी?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"लॉटरी कसली हो. माणसांच्या हक्कांसाठी, स्वातंत्र्यासाठी जे झटतात त्यांना देतात ते. सगळ्या जगातून निवडतात. समारंभाला तिकडे बोलावलंय."

पोस्टमास्तरांनी अर्धा वाकवलेला चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला, जणू बातमी बघायची होती. "शेवटी कोणाचं तरी लक्ष गेलं म्हणायचं. चष्मेवाले, तुमचे साडू म्हणजे काय माणूस आहे, तुम्हाला कल्पना नाही. घरातल्या माणसाला नसतेच. कोर्टात समोरच्या वकिलाचा मुद्दा बरोबर असला तर हा गृहस्थ उभा राहून सांगतो, मुद्दा बरोबर आहे म्हणून. त्यांच्यापुढे उभं राहिलं की मला आपलं वाकडंतिकडं सगळं आठवायला लागतं."

"चष्मा काढा," चष्मेवाले म्हणाले. "अजून झाला नाही."

हसायला हवं म्हणून ते हसले. पण परत हातात घेतलेली काडी त्यांनी नको तितकी वाकवली. धाकटीने ते ओळखलं, कारण बातमी ऐकल्यावर आधी तीही घाबरली होती.

त्याचं कारण असं. चष्मेवाले महिन्यातून एकदा गावाबाहेरच्या तुरुंगात जात. कैद्यांचे डोळे तपासून चष्मे करून द्यायचं काम त्यांच्याकडे कित्येक वर्षं होतं. तुरुंगाच्या दवाखान्यातल्या एका खोलीत ते भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगत, समोर स्टूल ठेवत आणि एकेकाला बोलावत. शिपाई दारात उभा असे. तक्ता वाचून झाला की चष्मेवाले हातातला लहानसा दिवा लावून कैद्याच्या बुबुळातून आत बघत. ते बघताना गालाला गाल लागेल इतकं जवळ जावं लागतं. ज्याने असे डोळे तपासून घेतले असतील त्याला हे ठाऊक असेल. अशा वेळी तपासणाऱ्याचा कान समोरच्याच्या तोंडापासून चार बोटांवर असतो आणि दारातल्या शिपायाला फक्त पाठ दिसते.

गेल्या काही वर्षांत शहरातून माणसं नाहीशी होऊ लागली होती. कोणाला कामावरून न्यायचे, कोणाला बाजारातून. घरचे विचारायला गेले की उत्तर मिळे, आमच्याकडे नाही. ज्याला कोणी नेलंच नाही त्याचं पुढे काय झालं याचा जाब तरी कोण देणार? अशा वेळी थोरलीचा नवरा, म्हणजे वकीलसाहेब, कोर्टात अर्ज लावत की अमुक माणूस अमुक तुरुंगात, अमुक बराकीत आहे. बराकीचा नंबर आला की न्यायाधीशांनाही कानाडोळा करणं जड जाई. हो-ना करता करता तुरुंगाला माणूस आहे असं कबूल करावं लागे. कबूल केलेला माणूस लगेच सुटत नसे. पण मग तो नाहीसाही होत नसे.

ही नावं चष्मेवाल्यांच्या कानातून येत. कैदी स्वतःचं नाव सांगत नसत. नव्याने कोणाला आणलं असेल त्याचं सांगत, बापाच्या नावासकट, आणि बराक. चष्मेवाले काही लिहून घेत नसत. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ते नावं मनात घोळवत बसत. ओळखीचं कोणी भेटलं तर नुसती मान हलवत. त्यामुळे आखडू म्हणून त्यांची थोडी ख्याती होती. घरात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आधी ते नावं धाकटीला सांगत, धाकटी थोरलीकडे जाई, थोरली नवऱ्याला सांगे. बहिणीबहिणींचं जाणंयेणं कोण मोजतं?

चौघांपलीकडे हे कोणाला माहीत नव्हतं. आणि आता सगळं जग वकीलसाहेबांना एकच प्रश्न विचारणार होतं: तुम्हाला कसं कळतं?

संध्याकाळी चौघं वकीलसाहेबांच्या बैठकीत जमले. वकीलसाहेब उंच, किडकिडीत, खुर्चीतसुद्धा साक्षीदारासारखे ताठ बसणारे. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, उलट कोणाची तरी वस्तू चुकून आपल्या घरी आल्यासारखा भाव होता.

"मी ठरवलंय," ते म्हणाले. "तिथे उभं राहून सांगणार. यातलं अर्धं काम माझं नाही."

"झालं," थोरली म्हणाली.

"नाव घेणार नाही गं. एवढी अक्कल आहे मला. फक्त एवढंच म्हणणार, की एक माणूस आहे, ज्याचं नाव मला घेता येत नाही, त्याच्यापुढे मी नतमस्तक आहे."

चष्मेवाले चहाच्या कपात बघत म्हणाले, "नाव घेता येत नाही असं म्हणालात की लगेच शोध सुरू होईल. तुरुंगात बाहेरची माणसं येतात तरी किती? मी आणि एक न्हावी."

"बरं, मग एक माणूस नको. काही माणसं."

"काही माणसं म्हणजे मी, न्हावी आणि दोन कारकून. चौघांनाही आत घेतील."

वकीलसाहेब हळूच म्हणाले, "मग मी पुरस्कारच घेत नाही."

"आणि का घेत नाही, हे विचारतील तेव्हा?" धाकटी म्हणाली. "भावजी, तुम्ही न बोलता काही करतच नाही. नाही म्हणायलाही दोन पानं लिहाल, आणि त्यात सगळं सांगून मोकळे व्हाल."

ते खरं होतं. शिवाय पुरस्कार घेतला तर अर्जांकडे बाहेरच्या वर्तमानपत्रांचं लक्ष राहणार होतं. आतल्या माणसांच्या दृष्टीने ते फायद्याचं होतं.

"साडूभाऊ," वकीलसाहेब म्हणाले, "उपकार न सांगता बक्षीस घ्यायचं म्हणजे चोरीच ती."

"मग चोरी करा," चष्मेवाले म्हणाले. "मला तुमचे आभार नकोत. मला पुढच्या महिन्यात तुरुंगात जायचंय."

रविवारी दुकान बंद असतं. शटर अर्धं ओढून चौघं आत बसले आणि तालीम सुरू झाली. ज्या खुर्चीत गिऱ्हाइकं डोळे तपासायला बसतात तिथे वकीलसाहेब बसले. चष्मेवाले समोरच्या स्टुलावर. थोरली काउंटरच्या मागे वकीलसाहेबांच्या कोटाची बटणं घट्ट करत होती, धाकटी काचांच्या ट्रेवरची धूळ पुसत होती.

"समजा मी बातमीदार," चष्मेवाले म्हणाले. "वकीलसाहेब, सरकार म्हणतं माणूस आमच्याकडे नाही. तुम्ही म्हणता तिसऱ्या बराकीत आहे. तुम्हाला कसं कळतं?"

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. "ते मी सांगू शकत नाही."

"का?"

"कारण त्यामुळे एखाद्याला त्रास होईल."

"म्हणजे तो एखादा आहे. गेलो मी आत. पुन्हा. तुम्हाला कसं कळतं?"

"सुटून आलेले लोक सांगतात."

"यंदा कोण सुटून आलंय?"

वकीलसाहेबांनी कॉलर सैल केली. त्यांचे कान लाल व्हायला लागले. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान असे पेटत, आणि हे कोर्टातल्या शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. बिचाऱ्यांचं अजून धड खोटं बोलूनही झालं नव्हतं.

"भावजी, तिकडे थंडी फार असते म्हणतात," धाकटी म्हणाली. "कानटोपी घालूनच बसा."

आणखी चारपाच वेळा झालं. एकदा ते म्हणाले, निनावी पत्रं येतात. मग स्वतःच म्हणाले, पण पत्रं दाखवा म्हणाले तर? एकदा म्हणाले, देव जाणे. तेव्हा थोरली म्हणाली, तुम्ही कधीपासून देवाला साक्षीला बोलवायला लागलात. शेवटी त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मला हे जमायचं नाही. दुसऱ्याला खोटं पाडण्यात आयुष्य गेलं. स्वतः खोटं बोलायला बसलो की मीच माझी उलटतपासणी घ्यायला लागतो."

थोरलीने दोरा दातांनी तोडला. "मामांसारखं बोला."

"कोणते मामा?"

"आमचे पूलवाले."

दोघी बहिणींचे मोठे मामा इंजिनियर होते. त्यांनी तरुणपणी एक पूल बांधला होता. तेव्हापासून बारसं असो की तेरावं, माणसं जमली की मामा तो पूल बांधत. मी म्हणालो, खांब इथे नाही, तिथे. साहेब म्हणाला, अशक्य. मी म्हणालो, साहेब, मी आहे ना.

"तो पूल कुठल्या नदीवर आहे?" थोरलीने विचारलं.

वकीलसाहेबांनी चष्मेवाल्यांकडे बघितलं. चष्मेवाल्यांनी धाकटीकडे. धाकटी हसायला लागली. "अगं खरंच. कुठल्या गं?"

"कोणालाच माहीत नाही. कारण कोणी विचारलंच नाही. फुशारकी मारणाऱ्या माणसाला दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. ऐकणाऱ्याला एकच घाई असते, हा गप्प कधी बसतो. खोटं बोलणाऱ्याच्या मागे लोक हात धुऊन लागतात. टिमकी वाजवणाऱ्यापासून पळ काढतात."

ही गोष्ट बरोबर होती, आणि बरोबर होती म्हणूनच अवघड होती.

"म्हणजे मी सांगायचं, की मला आपोआप कळतं?"

"आपोआप नाही. हुशारीमुळे. तुमच्या थोर बुद्धीमुळे."

"शी."

"शी नाही. म्हणा. मी फार मोठा वकील आहे."

वकीलसाहेब सरसावून बसले. "मी बऱ्यापैकी वकील आहे."

"बऱ्यापैकी?" चष्मेवाले म्हणाले.

"म्हणजे... बरा."

"अहो, खाली कुठे चाललात?" धाकटी म्हणाली. "वर जायचंय."

ती दुपार चौघांच्याही लक्षात राहिली, कारण इतकं ते कित्येक वर्षांत हसले नव्हते. चष्मेवाल्यांनी शिकवायचं ठरवलं, पण त्यांनाही बढाईचा काही सराव नव्हता. दोघे साडू एकमेकांसमोर बसून, परक्या भाषेतले शब्द गिरवावेत तसे, मी, माझं, माझ्यामुळे, असं म्हणत होते. सवयीने वकीलसाहेबांच्या तोंडून 'आम्ही सगळ्यांनी मिळून' निघे आणि थोरली काउंटरवर कात्री आपटे. अंधार पडता पडता ते एक वाक्य न अडखळता बोलले: "असं कोडं सोडवायला डोकं लागतं, आणि ते डोकं या शहरात एकाच माणसाकडे आहे." कान लाल झाले होतेच. पण बढाई मारताना माणूस लालबुंद होतो ते लोकांना खुलल्यासारखं वाटतं, हे धाकटीच्या ध्यानात आलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

निघताना वकीलसाहेब शटरपाशी थांबले. "लोक काय म्हणतील?" त्यांनी विचारलं. विचारलं चष्मेवाल्यांना, पण बघत होते रस्त्याकडे.

चष्मेवाल्यांना खोटं सांगवेना. "वाईट म्हणतील."

"पोस्टमास्तर?"

"तेही."

वकीलसाहेबांनी मान हलवली. या माणसाने पैसा कमावला नव्हता, घर बांधलं नव्हतं. सरळ माणूस, एवढं दोन शब्दांचं नाव कमावलं होतं, आणि ते त्याला मनातून फार प्रिय होतं. आतून त्याचा थोडा गर्वही असावा. चष्मेवाल्यांना एकदम शरमल्यासारखं झालं. "राहू द्या," ते म्हणाले. "मी जायचं बंद करतो. तुम्ही काय ते खरं बोला."

"आणि आतल्यांचं काय?" वकीलसाहेब म्हणाले. मग जरा वेळाने, "मी फार मोठा वकील आहे, साडूभाऊ. काळजी करू नका."

समारंभ दाखवणार होते त्या संध्याकाळी दुकानातला टीव्ही काउंटरवर ठेवला. पोस्टमास्तर आले. त्यांच्या शेजारी शिवणवाली बाई बसली. तिचा मुलगा वर्षभर बेपत्ता होता आणि वकीलसाहेबांच्या अर्जामुळे सापडला होता. अजून आत होता, पण महिन्याला भेट मिळत होती. तिने चांगले कपडे घातले होते, जणू तिलाच बोलावलं होतं. थोरली मागे उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

मोठं सभागृह, खूप दिवे. पुरस्कार देणाऱ्यांनी तुरुंगांबद्दल, नाहीशा झालेल्या माणसांबद्दल, अर्जांबद्दल सांगितलं. ते सगळं खरं होतं आणि ऐकताना शिवणवाली रडली. मग वकीलसाहेबांना खुर्चीवर बसवून एक बाई त्यांच्याशी बोलायला लागली. साधे कपडे, हुशार डोळे. एक प्रश्न झाला आणि लगेच तिने तो विचारला: तुम्हाला कसं कळतं?

चष्मेवाल्यांनी काउंटरची कड धरली.

"हा प्रश्न मला सगळे विचारतात," वकीलसाहेब म्हणाले आणि पाय पसरून बसले. तसे ते जन्मात बसले नव्हते. "बाई, आमच्या शहरात वकील पुष्कळ आहेत. पण घरच्यांचे चेहरे बघून, पोलिसांची चाल ओळखून माणूस कुठे ठेवला असेल ते सांगणारा एकच आहे. तो तुमच्यासमोर बसलाय."

"पण तुम्हाला कोणाची तरी मदत होत असेल?"

"मदत?" ते हसले. मामांचं हसू होतं ते, हुबेहूब. "असं कोडं सोडवायला डोकं लागतं, आणि ते डोकं आमच्याकडे एकाच माणसाकडे आहे. मदत करायची तर आधी मला काय कळलंय ते त्यांना कळायला हवं ना."

बाई जरा थांबली. मग समजूतदारपणे म्हणाली, "घरच्यांचा आधार तर असेलच."

"बायको चहा बरा करते."

"हे मी शिकवलं नव्हतं," थोरली मागून हळूच म्हणाली, इतकं हळू की फक्त धाकटीला ऐकू गेलं.

वकीलसाहेब बोलतच राहिले. लहानपणी ते किती हुशार होते, कोणकोणत्या न्यायाधीशांना त्यांनी कायदा शिकवला. मुलाखत घेणारी बाई हसत होती, पण तिची नजर एकदा घड्याळाकडे गेली, आणि पुढचा प्रश्न तिने हवामानाबद्दल विचारला. काउंटरची कड सोडल्यावर चष्मेवाल्यांना कळलं की आपली बोटं दुखताहेत.

टीव्ही बंद झाला. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून घडी केली.

"यश पचवायला लागतं," ते म्हणाले.

"दमले असतील हो," शिवणवाली म्हणाली. "परका देश, दिवे एवढे. काही का बोलेनात, माझा मुलगा दिला त्यांनी मला परत." पण तिचाही आवाज पडला होता. जाताना तिने थोरलीचा हात हातात घेतला, नवरा गेलेल्या बाईचा घ्यावा तसा.

पोस्टमास्तर दारात घुटमळले. "तुमच्याविषयीही चकार शब्द नाही, चष्मेवाले. तुमच्या दुकानात बसून त्या माणसाने किती चहा प्याला असेल."

चष्मेवाल्यांच्या ओठांवर आलं होतं. मास्तर, बसा, तुम्हाला एक सांगतो. एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी फडकं घेतलं आणि टीव्हीची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

वकीलसाहेब परत आले ते एका बदललेल्या शहरात. कोणी भांडलं नाही, बोललं नाही. कोर्टाच्या आवारात नमस्कार तेवढा जरा आखूड झाला. चहाच्या टपरीवर पोरं "डोकं एकाच माणसाकडे" म्हणून एकमेकांना टपल्या मारत. पोस्टमास्तरांचा चष्मा वाकडा झाला होता, तरी ते दुकानात येईनात.

आणि मग तुरुंगाचा दिवस आला. त्याच दिवशी संध्याकाळी वकील मंडळाने सत्कार ठेवला होता. बातमी आली तेव्हाच्या उत्साहात तो ठरला होता, आता रद्द करणं वाईट दिसलं असतं.

तुरुंगाच्या फाटकावर चष्मेवाल्यांना थांबवलं. पेटी उघडायला सांगितली नाही, तक्ताही बघितला नाही. साहेबांनी बोलावलंय एवढंच म्हणाले. जेलरच्या खोलीपर्यंतचा तो व्हरांडा कधी संपतच नाही असं वाटलं. धाकटीला सकाळी आपण काय शेवटचं बोललो ते त्यांनी आठवून बघितलं. छत्री घेऊ का, असं काहीतरी होतं.

जेलरने स्वतःचा चष्मा टेबलावर काढून ठेवला होता. तो चष्मेवाल्यांनीच केलेला.

"तुमचे साडू," तो म्हणाला, "फारच मोठे निघाले."

चष्मेवाले काही बोलले नाहीत. मितभाषी असण्याचा असा उपयोग होतो.

"मला दोन वर्षं वरून विचारणा. तुमच्याकडून नावं बाहेर कोण देतं? माझी झोप उडाली होती. आता त्यांची ती मुलाखत वर पाठवून दिली. म्हटलं, साहेब, हा मनुष्य स्वतःच्या तोंडाने सांगतोय, मी अंदाज बांधतो म्हणून. असला गर्विष्ठ इसम दुसऱ्याचं ऐकेल तरी का? आणि बराकींचं म्हणाल तर बराकी आहेतच चार. चारात एखादी बरोबर येणारच." त्याने फाइलवर थाप मारली. "बंद केली त्यांनी."

तो हे इतक्या समाधानाने सांगत होता की चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं, या माणसाला ते पटायलाच हवं होतं. नाहीतर चौकशी त्याचीच झाली असती.

"जवळचं वाचताना धूसर दिसतंय," जेलर चष्मा पुढे करत म्हणाला. "तेवढं बघा. आणि तुम्ही नाही हो त्यांच्यासारखे. तुम्ही आपले बरे."

त्या दिवशी चष्मेवाल्यांनी तक्ता टांगला, दिवा लावला आणि एकेकाच्या डोळ्यात बघितलं. बऱ्याच जणांना लांबचं कमी दिसत होतं. चार भिंतींत राहून राहून लांब बघायची सवय जाते. दोन नावं मिळाली. एक विद्यार्थी, एक छापखान्यातला कामगार.

बस उशिरा मिळाली. घरी जाऊन यायला वेळ नव्हता, म्हणून नावं डोक्यात घेऊन ते सरळ सभागृहात गेले.

मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पुढच्याही बऱ्याचशा. धाकटी आणि थोरली एका बाजूला बसल्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध जाऊन चष्मेवाले बसले. मंचावर वकीलसाहेब बोलत होते. त्यांना चष्मेवाले दिसले आणि क्षणभर ते थांबले. चष्मेवाल्यांनी मान हलवली. अगदी थोडी.

ते तुरुंगातून सुखरूप आले हे कळून वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा सुरुवात केली, आणि आता मात्र ते असे काही सुटले की पूलवाले मामा असते तर वही काढून बसले असते. मी एकट्याने. माझ्या बुद्धीने. तरुण वकील दोन-दोनचे गट करून बाहेर पडायला लागले. चष्मेवाले ऐकत होते आणि ऐकत नव्हतेही. ते मनात विद्यार्थ्याचं नाव, बापाचं नाव, बराक, कामगाराचं नाव, बापाचं नाव, बराक, असं म्हणत होते, आणि वरून येणारं प्रत्येक 'मी' त्या नावांवर आदळत होतं.

शेवटच्या रांगेतून पोस्टमास्तर उठले. ते आले आहेत हे चष्मेवाल्यांना माहीतच नव्हतं. बाहेर जायच्या आधी ते पुढे पहिल्या रांगेशी आले, वाकले. "तुम्हाला बसावंच लागतंय, नाही?" ते कळवळून म्हणाले. "नातं पडलं."

"हो," चष्मेवाले म्हणाले. "नातं आहे."

सत्कार संपला. गुच्छ हातात घेऊन वकीलसाहेब खाली आले तेव्हा त्यांच्याभोवती गर्दी वगैरे झाली नाही. दोघी बहिणी पुढे निघाल्या. दोघे साडू मागून चालायला लागले. रस्त्यावर दुकानं बंद होत होती.

"साडूभाऊ," वकीलसाहेब म्हणाले, "पोस्टमास्तर..."

"आधी नावं," चष्मेवाले म्हणाले.

त्यांनी नावं सांगितली. विद्यार्थ्याचं, मग कामगाराचं. वकीलसाहेबांनी ती हळू आवाजात म्हणून बघितली. फाटकावर काय झालं, जेलर काय म्हणाला, हेही चष्मेवाल्यांनी सांगितलं. वकीलसाहेब ऐकत चालत होते. फाइल बंद झाली हे ऐकल्यावर त्यांनी गुच्छ या हातातून त्या हातात घेतला, एवढंच.

"भाषण कसं झालं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"फार वाईट. शेवटी शेवटी मलासुद्धा राग आला."

"हं." ते समाधानाने की दुःखाने म्हणाले ते कळलं नाही. "ते काय म्हणाले जाताना?"

"पोस्टमास्तर? मला बसावं लागतं याचं त्यांना वाईट वाटलं."

वकीलसाहेब गुच्छातली पानं खुडत चालत राहिले. पुढे थोरली कशावर तरी हसली, धाकटीने तिला कोपराने ढोसलं. कोपऱ्यावर वळताना वकीलसाहेब थांबले आणि त्यांनी कपाळ चोळलं.

"कामगाराच्या वडिलांचं नाव काय म्हणालात? पुन्हा एकदा सांगा."

चष्मेवाल्यांनी पुन्हा सांगितलं.